मुंबईत वापरलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: मीटरमागचे तास

मे 2024 मध्ये तीन गाड्या तपासल्या. पहिली आणि तिसरी 2018 ची, तिन्ही चार मीटरच्या आतल्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही. पहिली अंधेरी पासिंगची, डिझेल, 48,000 किलोमीटर चाललेली. दुसरी ठाण्याची, पेट्रोल ऑटोमॅटिक, 61,000. तिसरी वाशीची, डिझेल मॅन्युअल, 92,000. घेतली ती तिसरी. ‘कमी चाललेली ती चांगली’ हा हिशेब मुंबईत का फसतो ते या तीन गाड्यांत स्वच्छ दिसलं, म्हणून तपासणी जशी केली तशी इथे मांडतो आहे.

सुरुवात डिस्प्लेपासून. बऱ्याच गाड्यांत ट्रिप मीटरबरोबर सरासरी वेग दिसतो. ट्रिप ए लोक टाकी भरताना शून्य करतात, ट्रिप बी कडे सहसा कोणी फिरकत नाही. पहिल्या गाडीची ट्रिप बी 6,240 किलोमीटरवर होती आणि सरासरी वेग ताशी 14. तिसरीची 7,810 आणि वेग 38. आता भागाकार करायचा. 48,000 भागिले 14, म्हणजे इंजिन साधारण 3,430 तास फिरलं. 92,000 भागिले 38, म्हणजे 2,420 तास. जुन्या मालकाची नोकरी मधे बदलली असेल तर आकडा सरकेल, पण दिशा बदलत नाही. मीटरवर जवळपास निम्मे किलोमीटर असलेली गाडी हजार तास जास्त राबली होती.

टायर, व्हील बेअरिंग किलोमीटरवर झिजतात. क्लच, स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटरचा पंखा, इंजिन माउंट आणि इंजिन ऑइल यांना किलोमीटरशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना तास आणि थांबे मोजायचे असतात. ऑइल दर 10,000 किलोमीटरला बदललं असं सर्व्हिस बुकात असेल, तर 14 च्या वेगाने ते ऑइल 714 तास वापरलं गेलं. 38 च्या वेगाने 263 तास. बुकातली नोंद दोन्हीकडे एकच, पण इंजिनाच्या आत परिस्थिती वेगळी. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी बघताना किलोमीटरसोबत तारखाही बघाव्यात. रोज अंधेरी ते वांद्रे-कुर्ला संकुल करणाऱ्या गाडीचं ऑइल सहा-आठ महिन्यांनी बदललेलं दिसलं, तर तो मालक जाणता समजावा.

गाडी बघायला जाण्याआधी कागद मागवायचे. आरसीचा फोटो, चालू विमा पॉलिसी आणि शक्य तर आधीच्या दोन पॉलिसी. आरसीवर पासिंगची तारीख असते तसा उत्पादनाचा महिना-वर्षही असतो, आणि कॉम्पॅक्ट एसयूव्हीत तो महिना महत्त्वाचा ठरू शकतो. नेक्सॉनचंच उदाहरण घ्या. ग्लोबल एनकॅप या अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिला ऑगस्ट 2018 मध्ये चार तारे मिळाले आणि बदल करून पुन्हा चाचणी झाल्यावर डिसेंबर 2018 मध्ये पाच. पाच तारे सुधारित गाडीचे आहेत, त्याआधी बनलेलीचे नाहीत. चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर सगळ्या नव्या गाड्यांना 1 जुलै 2019 पासून सक्तीचे झाले. त्याआधीची बेस व्हेरियंट घेताना यातलं काय आहे आणि काय नाही, ते मोजूनच घ्यावं.

विमा पॉलिसीवरचा एनसीबीचा (नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट) आकडा फार बोलका असतो. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि 50. क्लेम झाला की परत शून्य. जुलै 2018 मध्ये घेतलेल्या, कधीच क्लेम न झालेल्या गाडीच्या 2023-24 च्या पॉलिसीवर 50 टक्के हवेत. पहिल्या गाडीच्या पॉलिसीवर 20 होते. याचा अर्थ 2022-23 चं वर्ष कोरं गेलं आणि 2021-22 मध्ये क्लेम झाला. विक्रेत्याने फोनवर ‘मागचा बंपर थोडा घासला होता’ असं सांगितलं. तसंही असू शकतं. एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं असेल तर उलट क्लेम होऊनही आकडा टिकतो. पण पावसाळ्याच्या वर्षातला क्लेम आणि मुंबईची गाडी असा योग दिसला की पाण्याची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, अत्तर मारून विकतात. सीट कव्हर नवी, मॅट नवी. पुढच्या सीटचा बेल्ट मात्र कोणी बदलत नाही. तो सावकाश ओढून पूर्ण बाहेर काढायचा, अगदी शेवटच्या हातभर पट्ट्यापर्यंत. पहिल्या गाडीत वरचा भाग काळाभोर होता आणि शेवटच्या वीतभरात एक फिकट मातकट रेघ, पट्ट्याला आडवी. बोटाने घासली तर बारीक गाळ हाताला लागला. हा भाग बी-पिलरच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या, तळाशी रिळात गुंडाळलेला असतो, म्हणजे पाणी सीटच्या बैठकीच्या आसपास पोहोचलं होतं. मग सीट पूर्ण मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघितले: डोक्यावर गंज, आणि पान्याच्या ताज्या खुणा. सीट एकदा तरी काढली गेली होती. कार्पेट दाबून ओल कळत नाही, त्याखालच्या फोमच्या थराला हात लावावा लागतो. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचकटली की हात आत जातो.

हे एवढ्या आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत हँडब्रेकजवळ, मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. ते एकदा भिजलं की आज चालेल, दोन वर्षांनी पिना गंजून धोका देईल. इंजिनाचंही तसंच. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पूर्ण वाकला तर इंजिन तिथेच बसतं. किंचित वाकला तर गाडी महिनोनमहिने चालते आणि एका दिवशी ब्लॉक फोडून रॉड बाहेर येतो. म्हणून एअर फिल्टरचा डबा उघडायचा. फिल्टरचा कागद लाटांसारखा वाकडा झालेला, किंवा डब्याच्या आतल्या भिंतीवर पाण्याची आडवी खूण दिसली, की बोनेट लावायचं आणि घरी यायचं. पहिल्या गाडीचा फिल्टर कोराकरकरीत होता, पण डब्याच्या कोपऱ्यात बारीक रेती होती. तिथेच ती बाद केली. मिलन सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट, कुर्ला, चुनाभट्टी, आणि उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांची तळघरं, सगळीकडून अशा गाड्या बाजारात येतात. या बाबतीत किमतीची घासाघीस करू नये. पन्नास हजार कमी झाले म्हणून गाळ कमी होत नाही.

दुसरी गाडी दिसायला सर्वात देखणी. ड्राय ड्युअल क्लच गिअरबॉक्स, म्हणजे दोन कोरडे क्लच आळीपाळीने आपोआप गिअर बदलणारा. असा गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर अप्रतिम चालतो, पण बंपरला बंपर लावून सरकणाऱ्या गर्दीत त्याचे क्लच सतत अर्धवट घसरत राहतात आणि त्यांना थंड करायला तेल नसतं. म्हणून त्याची चाचणी सकाळी सहाला घेऊन उपयोग नाही. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर, संध्याकाळच्या गर्दीत, एसी लावून पाऊण तास. चढावर ब्रेक सोडून गाडी ताशी तीन-चार किलोमीटरने सरकू द्यायची आणि स्टिअरिंगवर, सीटमध्ये कंप येतो का ते बघायचं. पहिली वीस मिनिटं काही नव्हतं. नंतर पहिल्या गिअरमध्ये थरथर सुरू झाली आणि वाढत गेली. क्लचचा संच संपत आल्याची ही नेहमीची खूण.

त्या गाडीचा निकाल मात्र त्याआधीच लागला होता. 2013 नंतरच्या गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा, आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ अडॅप्टर लावला की फोनवर माहिती येते. सगळे जण फॉल्ट कोड बघतात आणि कोड नाही म्हणून खूश होतात. त्यापेक्षा ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ ही ओळ शोधा. तिथे 9 किलोमीटर होते. म्हणजे आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी कोणीतरी कोड पुसले. हजारो किलोमीटरचा आकडा असेल तर ‘कोड नाही’ या उत्तराला वजन आहे. रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारी यादी) अपूर्ण दिसत असतील तरी अर्थ तोच. विक्रेत्याने बॅटरी बदलल्याचं कारण दिलं, आणि बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत हा आकडा खरोखर शून्य होतो. पण बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

तिसऱ्या गाडीकडे वळताना इंधनाचा मुद्दा आधी. डिझेल घ्यायचं तर मुंबईसाठी बीएस-4 की बीएस-6 (प्रदूषणाचे जुने की नवे निकष)? एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. त्यात साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. रोज दहा किलोमीटर सरकत जाणाऱ्या गाडीत ते जाळणं अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर कारण हेच. दर आठवड्याला पुणे किंवा नाशिक होणार असेल तर बीएस-6 डिझेल बिनधास्त घ्यावं. शहरातच फिरणार असाल तर पेट्रोल. दिल्ली परिसरात डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, तशी मुंबईत नाही. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं.

तिसरी गाडी वाशी-पुणे फिरलेली, बीएस-4, 1.3 लिटर डिझेल, 90 पीएसची. तिला थंड असताना सुरू होताना बघायचं होतं, म्हणून आदल्या रात्री सांगून ठेवलं की सकाळी आम्ही येईपर्यंत किल्ली लावू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटला आणि सायलेन्सरला हात लावला. गरम असता तर परत फिरलो असतो. विसावलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.5, स्टार्टरच्या वेळी 10.4 पर्यंत उतरला, चालू इंजिनावर 14.1. स्टार्टच्या वेळी 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरावा. या इंजिनाला टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी) आहे, बेल्ट नाही. सुरू होताना पहिल्या दोन सेकंदांत खडखड ऐकू आली आणि मग थांबली तर ऑइल दाब येईपर्यंतची ती सैल चेन. इथे तसं नव्हतं. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे, उदाहरणार्थ डस्टर किंवा इकोस्पोर्टचं 1.5 डिझेल, तिथे बेल्ट बदलल्याचं बिल मागावं; नुसतं तोंडी सांगणं पुरेसं नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवलं. झाकण हलकं थरथरलं, उडालं नाही. जोरात वाफ आणि धूर येऊन झाकण उडालं, तर पिस्टन रिंगमधून गॅस खाली येतो आहे. टर्बोपासून इंटरकूलरला जाणाऱ्या पाइपच्या जोडावर ऑइलचा पुसट ओलावा होता. या वयाला तो चालतो. थेंब गळत असतील तर टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघायला लावावा.

पत्र्यासाठी पेंटची जाडी मोजायचं यंत्र वापरलं. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन. डावं मागचं दार 310 दाखवत होतं, म्हणजे पुन्हा रंगवलेलं. मुंबईत दाराला घासणं होतंच, त्याचं काही नाही. पिलर, छत आणि बोनेटखालच्या पुढच्या आडव्या पट्टीवर आकडा वाढलेला दिसला तर मात्र गाडी जोरात आपटली आहे. लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आकडा सरळ 700-1,000 च्या पुढे जातो.

मग गॅरेजमध्ये लिफ्टवर. दीड तासाचे पाचशे रुपये घेतले, आणि या सगळ्या प्रक्रियेत त्याहून चांगले खर्च झालेले पैसे दुसरे नाहीत. खाऱ्या हवेतल्या गाडीला गंज खालून लागतो: सबफ्रेमच्या वेल्डच्या कडा, सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. वरवरचा तांबूस थर आणि सोलून निघणारे पापुद्रे यांत फरक करायला पेचकस टोचून बघावा. इथे थरच होता. सस्पेन्शनमध्ये पुढच्या दोन्ही लिंक रॉड सैल, उजव्या लोअर आर्मच्या बुशला (रबरी सांध्याला) भेगा. खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांची ही ठरलेली भेट आहे. चाचणीच्या वेळी आरेच्या रस्त्यावर ताशी वीसने जाताना आलेली ‘टक-टक’ लिंक रॉडची, आणि ब्रेक मारताना आलेला एकच ‘धप्प’ बुशचा. आवाज आधी ऐकून मग लिफ्टवर कारण दाखवून घेतलं की फिटरशी बोलताना गोंधळ होत नाही. टायरच्या बाजूवर 1718 असं छापलेलं होतं: 2018 चा सतरावा आठवडा. नक्षी 4 मिलिमीटर शिल्लक, पण सहा वर्षांचं रबर पावसात ब्रेकला साथ देत नाही. चारही बदलायचे.

क्षमतेचा प्रश्न कागदावरच्या आकड्यांनी सुटत नाही. मुंबईच्या मराठी कुटुंबाला ही गाडी दोन ठिकाणी लागते: जुलैत पाण्यात आणि गणपतीत घाटात. पाण्याचं मोजमाप टेपने होतं. 215/60 आर16 टायरचा व्यास साधारण 664 मिलिमीटर, म्हणजे अर्धं चाक 332. समोरून येणाऱ्या बसची लाट धरली तर तेवढंच पाणी शेवटचं. ग्राउंड क्लिअरन्सचा जाहिरातीतला आकडा, ब्रेझाचा 198, नेक्सॉनचा 209, बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं बसली की काही सेंटिमीटर खाली येतो. आणि बुडायला कारण ठरतं ते हवेचं तोंड. बोनेट उघडून एअर फिल्टरचा पाइप कुठे संपतो ते शोधा आणि जमिनीपासून त्याची उंची मोजा. या गाडीत ग्रिलच्या वरच्या कडेजवळ होतं, 780 मिलिमीटर.

घाटासाठी पाच जण बसवून, एसी चालू ठेवून बोरघाट चढलो. या डिझेलचा 200 एनएमचा जोर 1,750 आरपीएमला येतो. दुसऱ्या गिअरमध्ये 1,500 च्या खाली गेलं की गाडी मरगळते, आणि नवखा माणूस तिथे हाफ क्लच देतो. क्लच जळतो तो इथेच. पहिला गिअर टाकून 2,000 वर ठेवली तर ती शांतपणे चढते. कूलंटचं तापमान फोनवर बघत होतो: 92 वरून 97 पर्यंत गेलं आणि वर पंखा लागल्यावर उतरलं. क्लचसाठी सपाट रस्त्यावर ताशी 40 ला चौथा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएम वेगाबरोबर वाढत गेला, एकटा उसळला नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर बघणार असाल तर चारही टायर एकाच झिजेचे आहेत का तेही बघा. दोन नवे आणि दोन जुने असतील तर मागच्या चाकांना जोर देणाऱ्या कपलिंगवर विनाकारण ताण येतो.

मागितले होते 6,40,000. गॅरेजच्या अंदाजाचा कागद पुढे ठेवला: चार टायर 34,000, लिंक रॉड आणि लोअर आर्म मजुरीसकट 9,500, सगळी तेलं आणि फिल्टर 8,000. विक्रेते काका सरळ माणूस. टायरचं त्यांनी लगेच मान्य केलं, बाकीचं निम्मं. 5,97,000 ला ठरलं.

कागदांत घाई करू नये. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो; बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) यांशिवाय पुढे जाऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वरच्या सह्या आपल्यासमोर घ्या. चलनं बघून, भरून, पावती घेऊन मगच पैसे, तेही बँकेतूनच. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळ आणि मीटरचा आकडा लिहा. हे विक्रेत्याच्याही भल्याचं आहे: आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात अपघाताच्या भरपाईबाबत सांगितलं आहे. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर नंबर बदलत नाही. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा, आणि जुन्या मालकाचा एनसीबी त्याच्यासोबतच जातो, आपल्याला मिळत नाही. हप्त्यातला तो फरक आधीच हिशेबात धरा.

मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो. त्याआधी एक काम राहिलं होतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती धुळीने बुजतात आणि पाणी आत साचून पत्रा आतून सडतो. चारही दारांची, मागच्या दाराची आणि काचेखालच्या जाळीची छिद्रं तारेने मोकळी केली. ओंजळभर माती निघाली. रबर परत बसवण्याआधी आत गंजरोधक फवारा मारला आणि दारं रात्रभर उघडी ठेवली.